लांब चिमटा घरात आणि बागेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांब चिमटा म्हणजे नेमका कोणता? पोळीचा चिमटा आणि हा एकच का?

नाही. पोळी किंवा पापड भाजण्याचा चिमटा पसरट टोकांचा असतो, आणि तापलेले भांडे उचलण्याची सांडशी किंवा पक्कड ही खिळीवर फिरणाऱ्या दोन दांड्यांची असते. येथे ज्याविषयी लिहिले आहे तो भुवयांच्या चिमट्याचाच थोरला भाऊ आहे: स्टेनलेस स्टीलच्या दोन पात्या मागच्या टोकाला जोडलेल्या, पुढे निमुळत्या होत गेलेल्या, आणि टोकाच्या आतल्या बाजूला बारीक आडव्या खाचा असलेल्या. साधारण २५ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे १० ते १२ इंच लांबीचा चिमटा घरगुती कामांना पुरतो. शस्त्रक्रियेची उपकरणे विकणाऱ्या दुकानांत तो फोर्सेप्स म्हणून मिळतो, मत्स्यालयाच्या दुकानांत पाणवनस्पती लावण्याचा चिमटा म्हणून मिळतो आणि अलीकडे स्वयंपाकाच्या साहित्यातही दिसतो. नावे निराळी असली तरी वस्तू बहुतेक एकच असते.

लांबी जास्त असेल तर पकडही जास्त घट्ट बसते का?

उलट घडते, आणि हा चिमटा विकत घेऊन निराश होणाऱ्यांची निराशा बहुधा येथेच सुरू होते. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तरफेच्या तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून चिमटाच दिलेला असतो: टेकू मागच्या जोडाशी, बल मध्ये बोटांपाशी आणि भार पुढे टोकाशी. अशा तरफेत टोकाशी पोहोचणारे बल हे बोटांनी दिलेल्या बलापेक्षा नेहमी कमीच असते. ३० सेंटिमीटरचा चिमटा जोडापासून १० सेंटिमीटरवर धरला, तर टोकाशी ढोबळमानाने बोटांच्या जोराचा एक तृतीयांश भागच पोहोचतो. तोच चिमटा २० सेंटिमीटरवर धरला तर दोन तृतीयांश पोहोचतो. म्हणून वस्तू जवळ असेल तेव्हा बोटे पुढे सरकवावीत आणि खोल बरणीत किंवा फटीत उतरायचे असेल तेव्हाच मागे धरावे.

जोर कमी पडतो म्हणून पात्या आणखी करकचून दाबल्या तर त्या मधोमध वाकतात आणि टोके एकमेकांपासून फाकतात, त्यामुळे धरलेली वस्तू सुटते. हलकी, अडचणीच्या जागी असलेली, काटेरी, गरम किंवा घाण वस्तू हे या चिमट्याचे खरे काम आहे. घट्ट बसलेला खिळा उपटणे किंवा झाकण उघडणे हे त्याचे काम नव्हे.

सरळ टोकाचा घ्यावा की वाकड्या टोकाचा?

एकच घ्यायचा असेल तर सरळ टोकाचा घ्यावा. वाकड्या टोकाचा चिमटा काटेरी रोपांच्या मध्ये आणि शिलाई मशीनच्या बॉबिनभोवती अधिक सोयीचा पडतो, कारण हात आडवा न येता टोक दिसत राहते. परंतु अरुंद तोंडाच्या बरणीत तेच वाकडे टोक काचेला अडते.

विकत घेताना काय तपासावे?

चिमटा उजेडासमोर धरून हलकेच मिटावा. टोके आधी भिडली पाहिजेत आणि दाब वाढवल्यावर खाचांचा भाग मागेपर्यंत मिटत गेला पाहिजे. टोके एकमेकांवरून बाजूला घसरत असतील तर तो चिमटा परत ठेवावा, कारण घरी आणून पक्कडीने वाकवून तो सरळ करण्याचे प्रयोग क्वचितच साधतात. मिटण्यासाठी फार जोर लागत असेल तर दहा मिनिटांत अंगठ्याचे मूळ दुखू लागते. फारच मऊ असेल तर तो वाकलेलाच राहतो.

लोहचुंबक लावून पाहण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, त्याविषयी थोडे सांगावेसे वाटते. भांड्यांसाठी वापरले जाणारे ३०४ प्रतीचे पोलाद, ज्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, ते चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही आणि गंजालाही चांगले तोंड देते. मात्र ४२० सारख्या प्रतीचे पोलाद चुंबकाला चिकटते आणि तरीही ते कठीण व टिकाऊ असल्यामुळे उपकरणांसाठी मुद्दाम वापरले जाते. तेव्हा चुंबक चिकटला म्हणजे माल खोटा, असे समजण्याचे कारण नाही. मिठाच्या आणि पाण्याच्या कामाला न चिकटणारा बरा, एवढेच त्यातून घ्यावे.

स्वयंपाकघरात तो खरोखर उपयोगी पडतो का?

पडतो, पण झारा आणि चमच्याची जागा तो घेत नाही. मसालेभात किंवा पुलाव वाढण्यापूर्वी वर आलेली तमालपत्रे, दालचिनीचे तुकडे आणि लवंगा वेचून काढणे, हे त्याचे सर्वांत सुखाचे काम आहे. भाताची शिते न मोडता टोक आत जाते आणि लहान मुलांच्या दाताखाली लवंग येऊन होणारा गोंधळ टळतो. कढईत एकच शंकरपाळी जास्त लाल होत असेल तर तेवढी उचलता येते, आणि हात तेलापासून वीतभर दूर राहतो. उकडीच्या मोदकावर केशराची काडी ठेवण्यासाठीही तो चांगला आहे. मोदक उचलण्यासाठी मात्र वापरू नये, कारण पारी फाटते आणि सारण बाहेर येते.

मासे करणाऱ्या घरांत त्याचा आणखी एक उपयोग आहे. रावसासारख्या मोठ्या माशाचे सलग काप काढल्यावर मांसात रांगेने बारीक काटे राहतात. कापावरून बोट हलकेच फिरवले की ते टोचतात. काट्याचे टोक धरून तो ज्या बाजूला झुकलेला असेल त्याच दिशेने ओढावा. सरळ वर ओढला तर मांस फाटते. येथे चिमटा पुढे, टोकाजवळ धरावा लागतो, नाहीतर वर सांगितलेल्या तरफेमुळे काटा हलतही नाही.

लोणच्याच्या बरणीतून फोड काढण्यासाठी वापरला तर चालेल का?

चालेल, पण एका अटीवर: चिमटा पूर्ण कोरडा हवा. हे अनुभवाने लिहीत आहे. आमच्या घरी एका वर्षी कैरीच्या लोणच्याच्या तळाच्या फोडी काढण्यासाठी मी नुकताच धुतलेला चिमटा वरवर पुसून आत घातला. पुसला होता तो पुढून. दोन पात्या मागे जिथे जोडल्या जातात त्या चिंचोळ्या खाचेत पाणी तसेच होते आणि चिमटा उभा धरताच ते ओघळून सरळ बरणीत गेले. आठवडाभराने वरच्या थरावर पांढरट बुरशी आली. तेव्हापासून बरणीत घालायचा चिमटा धुऊन, टोके वर करून रात्रभर उभा ठेवला जातो आणि सकाळी जोडातील पाणी फडक्याच्या टोकाने टिपले जाते.

दुसरी बाजू चिमट्याची आहे. मीठ आणि आंबटपणा एकत्र आले की चांगल्या पोलादावरही बारीक खड्डे पडू लागतात. फोड काढून झाली की तो लगेच धुवावा, बरणीत उभा सोडून देऊ नये.

न्हाणीघरातील तुंबलेली जाळी त्याने साफ करता येईल का?

केसांचा गुंता असेल तर बऱ्याच अंशी येईल. फरशीतील जाळी उचलली की खाली प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात तो भाग असतो, आणि केस, साबणाचा थर आणि धागे बहुतेक तेथेच तोंडाशी अडकलेले असतात. चिमट्याने गुंता धरून तो एकदम न ओढता काट्याने शेवया गुंडाळाव्यात तसा फिरवत वर आणावा. एकदम ओढला तर अर्धा गुंता तुटून आत जातो. वाकलेल्या नळीच्या पुढे गेलेल्या अडथळ्यापर्यंत चिमटा पोहोचत नाही, तेथे प्लंबरच हवा. नळीत आधी तुंबा काढण्याचे रसायन किंवा आम्ल ओतलेले असेल तर चिमटा किंवा हात आत घालू नये. या कामाचा चिमटा वेगळा ठेवावा, त्यावर रंगाची खूण करावी, आणि तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये.

घरातील आणखी कोणत्या कामांना तो वापरता येईल?

सरकत्या खिडक्यांच्या खाचांत साठलेली पिसे आणि मेलेल्या माश्या, सोफ्याच्या फटीत गेलेले नाणे, कपाटामागे पडलेली चिठ्ठी, शिलाई मशीनच्या दातऱ्यांखाली बसलेला कापसाचा थर, फुटलेल्या पेल्याचे नजरेला दिसणारे तुकडे, ही सगळी त्याची कामे आहेत. काचेचा अगदी चुरा मात्र ओल्या कागदाने टिपावा.

देवघरात त्याचा उपयोग विशेष आहे. समईची वात जळत जळत मागे सरकते आणि ज्योत तेलाजवळ येऊन काजळी धरते. अशा वेळी बोटाने वात पुढे ओढणाऱ्यांची नखे काळी होतात आणि कधी भाजतातही. सरळ टोकाच्या चिमट्याने वात ज्योतीच्या मागे, तेलात भिजलेल्या भागात धरावी आणि जोंधळ्याच्या दाण्याएवढीच पुढे घ्यावी. टोकावरचा कोळशासारखा गुल तेवढा चिमटीत धरून मोडावा, म्हणजे ज्योत पुन्हा पिवळीधमक होते. पोलाद तापते, त्यामुळे तोच चिमटा लगेच प्लास्टिकच्या डब्यात टाकू नये. फुलांची रांगोळी काढताना घातलेली पाकळी अर्धा इंच सरकवण्यासाठीही हाच हात कामी येतो, कारण वाकून बोट घातले की शेजारच्या दहा पाकळ्या हलतात.

विजेच्या उपकरणांत अडकलेली वस्तू काढण्यासाठी वापरावा का?

प्लग काढल्याशिवाय कधीही नाही. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. टोस्टरमध्ये अडकलेला पाव काढायचा असेल तर प्लग काढून, तो थंड होऊ देऊन, मगच चिमटा घालावा आणि आतल्या तारांना धक्का लागू देऊ नये. सॉकेटच्या भोकात तुटून राहिलेली पिन काढण्याचे काम वायरमनचे आहे. मूठ प्लास्टिकने मढवलेली असली तरी ते वेष्टन पकडीसाठी असते, विजेपासून संरक्षण म्हणून त्यावर विसंबू नये. इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळही हा चिमटा नेऊ नये. बॅटरीच्या दोन्ही टोकांना (टर्मिनलना) एकाच वेळी टेकेल इतका तो लांब असू शकतो, आणि तसा टेकला तर क्षणात लाल होऊन ठिणग्या उडतात.

घशात अडकलेला माशाचा काटा किंवा मुलाच्या नाकातील मणी काढता येईल का?

नाही. चिमट्याचे टोक लागले की मणी आणखी आत जातो, आणि घशात टोक लागून जखम होते किंवा ओकारीच्या धक्क्याने काटा अधिक रुततो. कानाच्या बाबतीतही तेच. कान, नाक आणि घसा यांसाठी डॉक्टरांकडेच जावे. त्वचेत रुतलेल्या काट्यासाठी आणि कुत्र्याच्या अंगावरील गोचिडासाठी बारीक टोकाचा आखूड चिमटा घ्यावा. गोचीड त्वचेच्या अगदी लगत धरून, न पिरगाळता, सरळ वर ओढावी लागते. लांब चिमट्याला तेवढा ताबा नसतो.

निवडुंगाचे पुनर्रोपण त्याने कसे करावे?

लिंबाएवढ्या निवडुंगापर्यंत तो उत्तम चालतो. आधी आठवडाभर पाणी बंद ठेवून माती कोरडी करावी, कुंडी आडवी करून कडेने थोपटावी आणि मातीचा गोळा सैल झाला की रोप बुंध्याशी, मातीच्या लगत धरून उचलावे. मधोमध धरले तर पोलादी टोके गरात रुततात आणि त्या जखमेतून कूज शिरते. यासाठी एक स्वस्त उपाय आहे: सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्हची रबरी नळी, जिला पुष्कळ ठिकाणी वालट्यूब म्हणतात, तिचे बोटाच्या पेराएवढे दोन तुकडे टोकांवर चढवावेत. पकड मऊ होते आणि घसरतही नाही. मोठ्या निवडुंगाला वर्तमानपत्राची जाड पट्टी गुंडाळून दोन्ही हातांनीच उचलावे, तेथे चिमटा वाकतो.

फड्या निवडुंगापासून अधिक सावध राहावे. त्याच्या मोठ्या काट्यांच्या बुडाशी केसांसारख्या सूक्ष्म कुसांचे झुपके असतात, त्यांना उलटे दाते असतात, आणि नुसता स्पर्श झाला तरी ती त्वचेत शिरतात. कापडी हातमोज्यात ती अडकून राहतात आणि पुढच्या वेळी तोच हातमोजा टोचतो. म्हणूनच या झाडाचे पान उचलायला हातमोज्यापेक्षा लांब चिमटा बरा.

किडी वेचण्यासाठी त्याचा कितपत उपयोग होतो?

कीड कोणती, यावर ते अवलंबून आहे.

जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसाच्या पुंजक्यांसारखा दिसणारा पिठ्या ढेकूण चिमट्याने एकेक उचलणे वेळखाऊ आहे. त्याऐवजी चिमट्यात कापसाचा लहान बोळा धरावा, तो स्पिरिटमध्ये बुडवून पुंजक्यावर टेकवावा आणि पुसून घ्यावा. मेणासारखे आवरण विरघळते आणि कीड मरते. फांद्यांच्या बेचक्यांत बोट जात नाही तेथे हा बोळा जातो. आधी एका पानावर थोडा लावून दुसऱ्या दिवशी पान करपले नाही ना, हे पाहावे.

लिंबू आणि कढीपत्त्यावर येणाऱ्या अळ्या फुलपाखरांच्या असतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या तपकिरी-पांढऱ्या दिसतात, त्यामुळे माणसाच्याच काय, पक्ष्याच्याही ध्यानात येत नाहीत. मोठ्या झाल्यावर हिरव्या होतात. टोक लागताच त्या डोक्यामागून नारिंगी रंगाचे दोन शिंगांसारखे अवयव बाहेर काढतात आणि तीव्र वास सोडतात. अळीला धरू नये, ती फुटते. ती बसली आहे ते पान देठाशी धरून तोडावे आणि दुसऱ्या, मोठ्या झाडावर नेऊन ठेवावे. कुंडीतल्या वीतभर रोपाला चार अळ्या जड होतात, अंगणातल्या कढीपत्त्याला त्यांचे काही वाटत नाही. मी त्या मारत नाही, ज्यांना मारायच्या असतील त्यांचा निर्णय त्यांनी घ्यावा.

शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात केसाळ सुरवंटांचे थवेच्या थवे चिकटून बसतात. त्यांचे केस लागले की अंगाला भयंकर खाज सुटते. पाच-दहा असतील तर चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, वाऱ्याकडे पाठ करावी, आणि काम झाल्यावर चिमटाही धुवावा, कारण केस त्याच्या खाचांत राहतात. थवा मोठा असेल तर हे काम चिमट्याच्या आवाक्यातले नाही.

गोगलगायींच्या गुळगुळीत शंखावर बारीक टोके घसरतात. त्यांच्यासाठी जुना पोळीचा चिमटा काढून ठेवावा. मोठ्या आफ्रिकन गोगलगायीला उघड्या हाताने स्पर्श मात्र करू नये, कारण तिच्यात माणसाला बाधणारे परजीवी कृमी असू शकतात.

विंचू किंवा गोम चिमट्याने उचलावी का?

उचलू नये. लांब चिमट्याने विंचू उचलणारे अभ्यासक असतात, पण त्यांचा हात सरावलेला असतो. कोकणातील लाल विंचवाचा दंश हृदयावर परिणाम करतो, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ करेपर्यंत या दंशाने अनेकांचे प्राण घेतले. कुंडी हलवताना विंचू दिसला तर वर काचेची बरणी पालथी घालावी, खालून जाड पुठ्ठा सरकवावा. कुंडीखाली पाहण्यासाठी बोटांऐवजी चिमटा वापरणे मात्र नक्कीच शहाणपणाचे आहे.

काचेच्या बरणीतील बाग आणि मत्स्यालयात रोपे कशी लावावीत?

या कामात लांब चिमट्याला पर्याय नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. रोप देठाला धरून माती किंवा वाळूत खुपसले तर मुळे वर वळतात आणि चिमटा बाहेर काढताना रोपही सोबत येते. मुळे आधी दोन-तीन सेंटिमीटर राहतील इतकी छाटावीत. चिमट्याची टोके मुळांच्या दिशेने, मुळांना समांतर अशी धरावीत, जेणेकरून आधी टोके आणि त्यांच्या आडोशाने मुळे आत शिरतील. सरळ खाली न खुपसता थोडे तिरके घालावे. आत गेल्यावर पात्या केसभर सैल कराव्यात, टोके किंचित डावी-उजवीकडे हलवावीत, म्हणजे भोवतीची वाळू ढासळून मुळांवर बसते, आणि मग ज्या तिरक्या रेषेत चिमटा गेला त्याच रेषेत हळूच मागे घ्यावा. पहिली चार-पाच रोपे तरंगत वर येतील. त्यानंतर हात बसतो.

बंद बरणीत पिवळे पडलेले पान दोन दिवसही राहू देऊ नये, त्यावरूनच बुरशी पसरते. मत्स्यालयासाठीचा चिमटा साबणाने धुवू नये. साबणाचा अंश माशांना घातक असतो, म्हणून गरम पाणी आणि स्वच्छ फडके पुरे.

बियांतून आलेली नाजूक रोपे त्याने उचलावीत का?

टोमॅटो, वांगी किंवा मिरचीचे रोप उचलायचे असेल तर ते सुरुवातीच्या बीजपत्राला धरून उचलावे, खोडाला कधीही नाही. एक पान गेले तर दुसरे येते, चिरडलेले खोड मात्र परत उभे राहत नाही. माझे मत विचाराल तर या कामाला बोटेच बरी, आणि चिमट्याचे मिटलेले टोक कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, भोक पाडण्यापुरते वापरावे.

एका झाडाचा रोग चिमट्यामुळे दुसऱ्याला लागतो का?

लागू शकतो. टोमॅटो आणि मिरचीवर येणारा तंबाखू मोझॅक विषाणू रसातून, हातांतून आणि अवजारांतून पसरतो. पाने चुरगळलेली आणि हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांची दिसत असतील तर त्या झाडाचे काम सर्वांत शेवटी करावे, आणि नंतर चिमटा साबणाने घासून गरम पाण्याने धुवावा. बुरशी आणि जिवाणूंसाठी ७० टक्के तीव्रतेच्या स्पिरिटने पुसणे चालते. स्पिरिट ओले असताना चिमटा ज्योतीजवळ नेऊ नये.

चिमट्याची निगा कशी राखावी?

वापरल्यावर धुवावा, जोडातील पाणी टिपावे, आणि टोकांवर जुन्या बॉलपेनचे टोपण किंवा वालट्यूबचा तुकडा चढवून ठेवावा, कारण टोके वाकतात ती बहुधा खणात इतर वस्तूंखाली दडपूनच. ब्लीचच्या पाण्यात भिजत घालू नये, क्लोरीनने स्टेनलेस स्टीललाही डाग पडतात. गंजाचा ठिपका दिसला तर खाण्याच्या सोड्याचा ओला लेप लावून कापडाने घासावा. घरात लहान मुले असतील तर तो खिळ्याला उंच टांगावा.